तिसऱ्या टाकीचं तेल

१५ ऑक्टोबर २०२२, शनिवार

चौदा बेल्जियन. सकाळी अकराला यायचे ते साडेबाराला आले, आणि आल्या आल्या सगळ्यांना स्वच्छतागृह हवं होतं. आपल्याकडे एकच. ऑलिव्ह तेलाची चव घ्यायला बसेपर्यंत सव्वा वाजला. चण्यांचं सूप तीनदा गरम केलं.

मग तेच सगळं पुन्हा बोलले. पेला तळहातावर धरा, वरून दुसऱ्या हातानं झाका, उबेनं तेल जागं होतं. आता हात काढा, नाक घाला. छोटा घोट घ्या, दात मिटून हवा आत ओढा — आवाज झाला तरी चालेल, इथं कुणाची सासू बघत नाहीये. इथं हसतात. बावीस वर्षं याच जागी हसतात. आजही हसले. मग तुल्लिओ वाइन ओतत येतो आणि म्हणतो, तेल बायकोचं, वाइन माझी, भांडणं दोघांची. तिथंही हसतात. माझा नवरा आहे, पण एखाद दिवशी तो वेगळं काही बोलला तर मी त्याला नवीन शर्ट घेईन.

एक दाढीवाला म्हणाला, ताज्या कापलेल्या गवताचा वास येतोय. मी म्हटलं, अगदी बरोबर!

मला काहीच येत नव्हतं. पाणी हुंगल्यासारखं.

हे आजवर कुठं लिहिलं नाही, आज लिहून टाकते. फेब्रुवारीतल्या तापानंतर माझं नाक गेलंय. आठ महिने झाले. कॉफी, लसूण, फरशीचं औषध, सासऱ्यांचा पाइप — काही म्हणजे काही नाही. जिभेला कडू कळतं, घशाला तिखट कळतं, तेवढ्यावर रेटतेय. तेल कडवट आहे का, घशात टोचतंय का, एवढं सांगू शकते. पण कुबट झालंय, खवट झालंय, आंबलंय, हे सगळं नाकाचं काम. आणि या घरात नाक म्हणजे मी.

१६ ऑक्टोबर, रविवार

उद्यापासून तोडणी. टाक्या धुतल्या, पाट्या पुसल्या. पाच टाक्या, प्रत्येकीच्या गळ्यात एक पाटी.

या घरची रीत जुनी आहे. घाण्यावरून तेल आलं की एकच माणूस चव घेतो आणि पसंत पडलं तर पाटीवर खडूनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहितो. अक्षर नसेल तर थेंबभर तेल बाटलीत जात नाही. अक्षर पडलं की कुणी वाद घालत नाही. सासूबाईंचं नाव असून्ता, त्यांनी चाळीस वर्षं ‘अ’ लिहिला. मग एक दिवस मला तळघरात बोलावलं आणि खडू हातात ठेवला. पोटच्या मुलीला दिला नाही. तेर्नीसारख्या कारखान्यांच्या गावातून आलेल्या सुनेला दिला. नणंद दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती.

तेव्हापासून ‘ओ’ लिहितेय. ओर्नेल्लाचा ओ. नाक गेलं हे कळलं तर मी इथं कोण? पाव भाजणारी आणि सूप गरम करणारी.  म्हणून गप्प आहे.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

साठ क्रेट. खांदे कामातून गेले. झाडांखालच्या जाळ्या ओढून ओढून कमरेचा भुगा. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

लेकीला, नोएमीला, पार उत्तरेतल्या ट्रेंटोहून पत्र आलंय. तिथल्या एका मोठ्या वाइनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी. पंधरा नोव्हेंबरपर्यंत कळवायचं.

जेवताना तुल्लिओनं विचारलं, “जाणार का?”

“इथं राहून काय करू, पप्पा? चार वर्षं पेरुज्याला तेलाचा अभ्यास केला, तो पाहुण्यांचे पेले विसळायला?”

मी म्हटलं, “घाई काय आहे? नाक तयार व्हायला वेळ लागतो.”

“तुला खडू मिळाला तेव्हा तू किती वर्षांची होतीस?”

“पस्तीस.”

“मी पंचवीसची आहे. म्हणजे अजून दहा वर्षं विसळू?”

“विसळ हवं तर.”

सासरे, बाबा, ताटातून मान वर न करता म्हणाले, “ट्रेंटोला लोणी खातात.” त्यांच्या मते यावर पुढं बोलण्यासारखं काही उरत नाही.

मी वाईट बोलले. तिचं नाक चांगलं आहे, लहानपणापासून चांगलं आहे. सात वर्षांची असताना दुधाला आलेला फ्रीजचा वास तिनं ओळखला होता. ती गेली तर मागं आम्ही तीन म्हातारे आणि आठशे झाडं. ती राहावी म्हणून जे द्यायला हवं, ते माझ्याकडं आता नाहीच. ते असल्याचं नाटक तेवढं आहे. आणि ते नाटकसुद्धा सोडवत नाही मला!

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिलं तेल आलं. तुल्लिओ आणि नोएमी सकाळी सहापासून घाण्यावर बसून होते. आपल्या ऑलिव्हजवरून नजर हलवायची नाही, नाहीतर दुसऱ्याचे क्रेट आपल्यात जातात, हे तुल्लिओला दूध पाजताना शिकवलेलं असावं. दुपारी तळघरात सगळे जमलो. बाबांनी निखाऱ्यावर पाव भाजला, लसूण चोळला. पण माझा शब्द पडेपर्यंत कुणी पावाला तेल लावत नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे.

मी घोट घेतला. कडू होतं, चांगलं कडू. घशात टोचलं. तुल्लिओ दोनदा खोकला. हल्ली मी खोकले मोजते. दोन खोकल्यांचं तेल म्हणजे वाईट नसणार.

“नोएमी, तू सांग आधी,” मी म्हटलं. असं या घरात कधी झालं नव्हतं. पोरगी लाल झाली.

“आर्टिचोक,” ती म्हणाली. “कच्चा बदाम. स्वच्छ आहे एकदम.”

“आणि थोडं टोमॅटोचं पान,” मी माझ्या पदरचं घातलं. सगळंच तिचं कसं घेणार?

तिनं पुन्हा हुंगलं. “टोमॅटोचं पान? कुठाय?”

“सवयीनं कळेल.”

खडू घेतला, ‘ओ’ लिहिला. सगळ्यांनी पाव खाल्ला, वाइन प्यायली. मी पण खाल्ला. ओला कागद चावल्यासारखा लागला. चोर असल्यासारखं वाटत होतं. आता लिहितानाही तसंच वाटतंय.

२२ ऑक्टोबर, शनिवार

आठ जर्मन, दोन ऑस्ट्रियन. पाय सुजलेत. सकाळी दुसरी टाकी भरली, तिच्यावरही ‘ओ’ लिहिला.

पाहुण्यांच्या वहीत एका बाईनं लिहिलंय: “मालकीणबाई स्वतःचं मत लादत नाहीत, आधी आम्हाला बोलू देतात. किती विनम्र!” विनम्र म्हणे. मार्चपासून वहीत असली पाच-सहा कौतुकं जमलीत. नाक होतं तेव्हा लोक लिहायचे, जेवण छान होतं.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस. रविवारपासून तोडणी बंद. शनिवारी आणि रविवारी सकाळी काढलेला माल क्रेटमध्ये पडून. घाण्यावर नंबर एकदम गुरुवारचा मिळालाय. तुल्लिओ पडवीतून आभाळाकडं बघून शिव्या देतो आणि आत येऊन भांडी मोठ्यानं ठेवतो. मी म्हटलं, क्रेटमध्ये वारं खेळतं, काही होत नाही. मग तो रोमला गेला, पुढच्या महिन्याच्या बाटल्या आणायला. बाबा म्हणाले, मी बघतो ऑलिव्हजचं. बरं वाटलं. निदान एक काम कुणीतरी आपण होऊन घेतलं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

तिसऱ्या टाकीत तेल आलं. नोएमी रिएतीला दातांच्या डॉक्टरकडं गेली होती. तुल्लिओ तेल उतरवून लगेच ट्रॅक्टरच्या मागं लागला. तळघरात मी आणि बाबा, दोघंच.

घोट घेतला. कडू फारसं नाही. टोचलं जेमतेम. मी बाबांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी पावावर भरपूर ओतलं, डोळे मिटून चावलं आणि म्हणाले, “सूनबाई, हे तेल! बाकीचं तुमचं सगळं औषध असतं. असं तेल माझी आई काढायची.”

शहाऐंशी वर्षांचा माणूस, जन्मभर तेल खाल्लेला. त्यांच्याहून जास्त कुणाला कळणार, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर दमले होते. नोएमीसाठी थांबावंसं वाटलं होतं, पण थांबायचं कारण काय सांगणार?

‘ओ’ लिहिला.

१ नोव्हेंबर, मंगळवार

आज सर्व संतांचा सण, दफनभूमीत शेवंती घेऊन गेलो. सगळा गाव तिथं. नोएमीनं फुलं हुंगून नाक मुरडलं, म्हणाली शेवंतीचा वास आला की मला आजीचा अंत्यविधी आठवतो. मी म्हटलं, हो ना. सासूबाईंच्या दगडावरचा फोटो पुसताना मनात म्हटलं, तुम्ही चुकीच्या बाईला खडू दिलात. त्या फोटोत नेहमीसारख्याच रागावलेल्या होत्या.

५ नोव्हेंबर, शनिवार

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

येन्स आणि त्याची बायको आले. डेन्मार्कचा दुकानदार. नऊ वर्षं आपलं तेल नेतोय, दरवर्षी स्वतः येऊन चव घेतो, मग किती हवं ते सांगतो. तुल्लिओनं शेकोटी पेटवली. मी ससा शिजवला. नोएमीनं निळे पेले मांडले, पहिली टाकी, दुसरी, तिसरी.

पहिल्यावर येन्स मान डोलावत बसला. दुसऱ्यावर बायकोला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. तिसरा पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. वर छपराच्या तुळयांकडं बघत राहिला. हा माणूस एरवी गप्प बसत नाही.  माझं तोंड आपोआप चालू झालं: “हे जरा सौम्य आहे बघा, यात पिकलेलं फळ जास्त, थोडं केळ्याकडं झुकणारं…” मी बोलतेय आणि नोएमी माझ्याकडं बघतेय. मग तिनं स्वतः हुंगलं.

“अरे देवा, ही बाटली चुकून आली,” ती म्हणाली आणि बाटली उचलली. “ही आजोबांची आहे. त्यांच्यासाठी वेगळी काढलेली.”

कोपऱ्यातून बाबा म्हणाले, “माझीच आहे. आणि या तिघांत तीच खाण्यालायक आहे.”

सगळे हसले. येन्स सगळ्यात मोठ्यानं हसला, सुटल्यासारखा. ससा त्यांनी आवडीनं खाल्ला. पण जाताना दरवर्षी हातात हात घेऊन आकडा सांगतो, तो या वेळी सांगितला नाही. “पत्र लिहितो,” म्हणाला.

६ नोव्हेंबर, रविवार

नोएमी सकाळी स्वयंपाकघरात आली आणि दार लावून घेतलं.

“आई, तुला वास कधीपासून येत नाही?”

“काहीतरीच काय बोलतेस.”

“तिसऱ्या टाकीचं तेल कुबट आहे. काल रात्री टाकीचं झाकण उघडलं, जिन्यापर्यंत वास आला. त्यावर तुझं अक्षर आहे.”

“तुझं नाक कालचं. मला शिकवू नकोस.”

“मला ऑगस्टपासून माहीत आहे. तू पाहुण्यांना आधी विचारायला लागलीस. पूर्वी कुणाला तोंड उघडू द्यायची नाहीस. मी वाट बघत होते, मला सांगशील म्हणून. कुणाला नाही तर निदान मला.”

मी काय करायला हवं होतं? तिला जवळ घ्यायला हवं होतं. त्याऐवजी म्हटलं, “एवढी हुशार आहेस तर ट्रेंटोला जा. तिथं तुझी कदर होईल.”

 ती म्हणाली, “बरं. होकाराचं पत्र लिहिते उद्या.” दार उघडून गेली.

मी बटाटे सोलत बसले. सोलता सोलता लक्षात आलं, गरजेपेक्षा दुप्पट सोललेत.

७ नोव्हेंबर, सोमवार

बाबा आपण होऊन बोलले. म्हणजे सहज बोलले, गुन्हा कबूल केल्यासारखं नव्हे. तिसऱ्या टाकीचा माल त्यांनी पावसात क्रेटमधून काढून जुन्या वाइनच्या खोलीत ओतला, ढीग केला, वर घोंगड्या टाकल्या. दोन दिवस, मग पुन्हा क्रेटमध्ये. शेजारी द्राक्षांचा चोथा अजून गरम होता.

“ढिगात ऑलिव्हजना घाम फुटतो, सूनबाई. घाम फुटला की तेल सुटतं. माझ्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानं असंच केलं.”

“आणि तेल सडतं, बाबा. तीस वर्षं झाली ते सोडून देऊन.”

“तुम्ही सोडलंत. मला कुणी विचारलं?”

घाणेवाल्यानंही तुल्लिओला विचारलं होतं म्हणे, किती दिवसांचा माल. तुल्लिओला वाटलं, चेष्टा करतोय. मला बाबांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी जे आवडतं तेच केलं आणि जे आवडलं तेच सांगितलं. खोटं तळघरात एकटी मीच बोलले.

नोएमीनं पत्र लिहिलं का, माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

९ नोव्हेंबर, बुधवार

ऊन पडलं. वरच्या तुकड्यात मी आणि तुल्लिओ, जाळीवर बसून पाव आणि मेंढीचं चीज खाल्लं.  तिथं त्याला सांगितलं. फेब्रुवारी, खोकले मोजणं, टोमॅटोचं पान, सगळं.

त्यानं तोंडातला घास संपवला. मग म्हणाला, “तरीच. मार्चपासून तू माझ्या मोज्यांबद्दल एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम वाढलं.”

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. त्यानं चीजचा तुकडा माझ्या हातात दिला. या माणसाला सांत्वन करता येत नाही, तो खायला देतो.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुझ्या आईनं दिलेला खडू आहे.”

“आई मेली, ओर्नेल्ला. नोएमी जिवंत आहे.”

एवढं बोलला आणि ऑलिव्हज ओरबाडायची फणी घेऊन झाडावर चढला. शिडीवरून ओरडून म्हणाला, तिनं अजून पत्र टाकलेलं नाही, लिहिलेलं टेबलावर पडलंय.

११ नोव्हेंबर, शुक्रवार. सान मार्तिनो

आज नव्या वाइनचं पिंप उघडायचा दिवस. चेस्टनट भाजले. घरातलेच, आम्ही चौघं, तळघरात. पाहुणे नाहीत, देवाची कृपा.

तुल्लिओनं पहिला पेला भरला. कुणी पिण्याआधी मी उभी राहिले. भाषण ठरवलं होतं, ते कुठं गेलं कोण जाणे. म्हटलं, “मला फेब्रुवारीपासून वास येत नाही. या वर्षीचे तिन्ही ‘ओ’ खोटे आहेत. पहिला आणि दुसरा नशिबानं बरोबर पडला.” बाबांचा हात चेस्टनटवर थांबला.

मग खडू नोएमीसमोर धरला. तिनं हात पुढं केला नाही.

“मी जाऊ नये म्हणून देतेस का?”

“नाही. जायचं असेल तर जा, खडू घेऊन जा. मला तो द्यायला हवा होता, ऑगस्टच्या आधी द्यायला हवा होता. मी घाबरले होते. तू मोठी झालीस की मी कुणी उरणार नाही, असं वाटत होतं. अजूनही वाटतंय.”

तिनं खडू घेतला. रडत होती, आणि रडताना नाक चोंदतं म्हणून स्वतःवरच चिडत होती. दोनदा नाक शिंकरलं, दहा मिनिटं थांबली. मग तिन्ही टाक्यांची चव घेतली, एकटीनं, आमच्याकडं पाठ करून. पहिल्या दोन्हींवरचा ‘ओ’ पुसून ‘न’ लिहिला. तिसऱ्यावरचा पुसला आणि पाटी कोरी ठेवली.

“साबणवाल्याला,” ती म्हणाली.

“एक थेंब देणार नाही!” बाबा उठूनच उभे राहिले. “मला द्या. सगळं. मरेपर्यंत पुरेल.”

“आजोबा, चारशे लिटर आहे.”

“मग सावकाश मरेन.”

शेवटी दोन डबे त्यांना, बाकी साबणाला. नवी वाइन कशी झालीय मला कळलं नाही. सगळे म्हणाले चांगली आहे.

१४ नोव्हेंबर, सोमवार

नोएमीनं ट्रेंटोला नकार कळवला. येन्सलाही स्वतः लिहिलं: ती बाटली चुकून आली नव्हती, चूक आमची होती, ती टाकी रद्द केलीय. मी म्हटलं, एवढं खरं सांगायची गरज होती का? ती म्हणाली, होती. 

येन्सचं लगेच उत्तर आलं. पहिल्या दोन टाक्या नेहमीसारख्या पाठवा. खाली: “आजोबांना नमस्कार.”

२० नोव्हेंबर, रविवार

चौथी टाकी आली, मला बोलावलंच नाही. बोलवायचं कारणही नाही. मी वर इस्त्री करत होते. खालून हसणं ऐकू आलं, मग खोकले. तीन.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटतंही, सकाळी उठताना वाटतं. दुपारपर्यंत जातं. हेवा वाटतो मला. स्वतःच्या मुलीचा. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे. पाहुण्यांपुढंही आता तीच बोलते. सासूचा विनोद तिनं काढून टाकलाय. लोक दुसरीकडं हसतात.

झोप मात्र चांगली लागते.

३ डिसेंबर, शनिवार

तोडणी संपली. पाचवी टाकी भरली आणि नोएमीची घालमेल सुरू झाली. ‘न’ लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुसला. तिसऱ्या टाकीची धास्ती बसलीय तिला. माझी चूक तिच्या अंगावर आलीय. दिवसातून चारदा पेला घेऊन वर येते. “आई, जिभेला काय वाटतंय? घशाला? तुझ्या वेळी असं लागायचं का?” मी सांगते, कडू आहे, टोचतंय. ती म्हणते, ते मलाही कळतंय. आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहते, जशी मी तळघरात बाबांच्या तोंडाकडं बघत होते.

तिला म्हटलं, मला विचारत राहिलीस तर तुझं नाक कधी तुझं होणार नाही. म्हणाली, तुझं परत आलं तर किती बरं होईल, मग मी सुटले.

८ डिसेंबर, गुरुवार

रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या बाईच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास आला. मला वास आला. मी रडले, पाद्र्याला वाटलं, प्रवचन लागलं. चार दिवस झाले, कुणाला सांगितलेलं नाही.

आज नोएमी पाचव्या टाकीचा पेला घेऊन वर आली. तोंड उतरलेलं. मी पेला तळहातावर घेतला, वरचा हात काढला आणि सगळं एकदम आलं, कच्चा बदाम, आर्टिचोक, ओली पानं, तळाशी जराशी मिरी. दहा महिन्यांनी. पेला टेबलावर ठेवला.

“मला काही येत नाही गं. तूच सांग.”

ती खूप वेळ हुंगत राहिली. मग एकेक सांगत गेली, मिरीसकट. शब्द न शब्द बरोबर.

“असेल,” मी म्हटलं. “मला काय कळतंय.”